कोकणची वाट खाडीपाशी अडते

सह्याद्रीच्या उदरातून बोगदे काढीत कोकण रेल्वे आठ वर्षांत, १९९८ साली, पूर्णत्वास गेली. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण मात्र २०११ मध्ये सुरू होऊन २०२४ उजाडले तरी रखडलेलेच! मधल्या काळात, २०१६ च्या ऑगस्टमध्ये, महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांतील प्रवासी घरी परतलेच नाहीत.

तथापि, महामार्ग झाला की कोकण जोडले गेले, हा समज भाबडा आहे. महामार्ग जातो महाड-चिपळूणवरून, डोंगराच्या कडेकडेने. पर्यटकाला ओढ असते ती हरिहरेश्वर, गुहागरच्या किनाऱ्याची. आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, तर वाटेत खाड्या आडव्या. दाभोळहून पलीकडचे धोपावे डोळ्यांना दिसते. पण गाडी न्यायची तर फेरीबोट गाठावी, नाहीतर चिपळूणचा वळसा घ्यावा. रेवस-रेडी सागरी मार्गाच्या घोषणा कोकणाने दशकानुदशके ऐकल्या. वेगवान द्रुतगती मार्गांची नवी चित्रे रंगविण्याआधी या मार्गावरील खाडीपूल पुरे व्हावेत. पर्यटक येतो चार दिवस. मासळीची टोपली, आंब्याची पेटी आणि अडलेली बाळंतीण यांना तर बारमाही पलीकडे जायचे असते.