मोठेपणी केमिस्ट व्हायचंय?



'मोठेपणी कोण होणार?' असं वर्गात विचारलं की डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर अशी उत्तरं धडाधड येतात. 'केमिस्ट' म्हणणारा एखादाच, आणि त्याच्याही डोळ्यांपुढे बहुधा मेडिकलच्या दुकानाची पाटी असते! आज मात्र आपण प्रयोगशाळेतल्या केमिस्टबद्दल बोलू. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे दादा-ताई बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेऊन शिकताहेत. त्यांना पहिली नोकरी कुठे मिळते आणि ती असते तरी कशी?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात ३०च्या वर साखर कारखाने आहेत. प्रत्येकात एक प्रयोगशाळा असते. गाळप सुरू झालं की तीही रात्रंदिवस चालते, आठ-आठ तासांच्या पाळ्यांत. लॅब केमिस्ट ठरावीक वेळाने रसाचा नमुना घेतो आणि दोन गोष्टी मोजतो. रसात विरघळलेले एकूण पदार्थ किती, तो ब्रिक्स. त्यात साखर किती, तो पोल. पोल मोजायला पोलॅरीमीटर नावाचं यंत्र असतं. साखरेच्या पाण्यातून जाताना विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाची दिशा थोडी फिरते. किती फिरली यावरून साखर कळते. गंमत आहे की नाही? आता समजा, ब्रिक्स आला १६ आणि पोल १२.८. रसाची शुद्धता किती? वही काढा नि करा. ८० टक्के आली ना? तुमचंच शेकडेवारीचं गणित!

गणित सोपं, पण त्यावर अवलंबून बरंच असतं. रोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उतारा नुसता ०.१ टक्क्याने कमी-जास्त झाला, तर दिवसाला ५ टन साखरेचा फरक पडतो. आणि उसाची एफआरपीही उताऱ्यावरच ठरते. १०.२५ टक्के उतारा हा पाया धरतात. त्याच्या वर गेला की दर वाढतो. रात्री तीन वाजता डोळे चोळत आकडा लिहिणारा दादा कुणाच्या तरी बाबांच्या उसाचं मोल लिहीत असतो. कदाचित स्वतःच्याच बाबांच्या!

मग पगार भक्कम असेल, असं वाटेल तुम्हाला. सुरुवातीला तसं नसतं. ऊस संपला की लॅब थंड. हंगामी कायम कर्मचाऱ्यांना बंद काळात पगाराचा काही भाग 'रिटेन्शन' म्हणून मिळतो. कंत्राटावरच्या नव्या पोराला तो मिळेलच असं नाही. कारखान्याला डिस्टिलरी जोडलेली असली तर बरं, तिथलं काम हंगामानंतरही चालू राहू शकतं.

दुसरी वाट चिंचोळी एमआयडीसीची, नाहीतर तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीची. औषधांचा कच्चा माल, अमाइन्स अशी रसायनं तिकडे बनतात. नवा मुलगा किंवा मुलगी बहुधा क्वालिटी कंट्रोलमध्ये लागते. टायट्रेशन करा, ओलावा तपासा, नोंद करा, सही करा, दिवसभर हेच. पण जाहिरातीत काय असतं? 'अनुभवी पाहिजेत!' सगळेच अनुभव मागणार, तर पहिला अनुभव द्यायचा कुणी? मला तरी हे पटत नाही. पण रसायनशास्त्र घेणारी मुलं पुष्कळ आणि जागा मोजक्या, म्हणून कारखान्यांचं भागतं. मग कित्येक जण ट्रेनी म्हणून थोडक्या पैशांत राबतात आणि नंतर पुणे नाहीतर हैदराबाद गाठतात.

हैदराबादच का? १९७०च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्याचं ठरवलं. तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवा, चालेल! नवी पद्धत शोधायची म्हणजे केमिस्ट हवेतच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून पीएच.डी. झालेल्या अंजी रेड्डींनी आधी हैदराबादच्या सरकारी औषध कारखान्यात काम केलं आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज ही कंपनी काढली. २००५ पासून कायदा पुन्हा बदलला, पण कारखाने तिथे रुजले ते रुजलेच.

पालकहो, तुमच्यासाठी दोन शब्द. दहावीनंतर आयटीआयमध्ये केमिकल प्लँटच्या लॅब असिस्टंटचा दोन वर्षांचा कोर्स असतो, तोही विचारात घ्या. साखरेतच पुढे जायचं असेल तर पदवीनंतर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. कॉलेज निवडताना नुसती इमारत बघून येऊ नका. प्रॅक्टिकलचे तास खरंच होतात का, एका बॅलन्सवर किती मुलं, यंत्राला हात लावू देतात की लांबूनच दाखवतात, हे विचारा. आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मुलांनो, ओळखीत कुणी लॅब केमिस्ट असेल तर त्यांची पाळी कधी असते, दिवसात किती नमुने तपासतात, हे विचारून मला पत्राने कळवा बरं का!