झेल्डा : काम कुणाचं, नाव कुणाचं?

झेल्डा हे नाव हॉस्टेलमधल्या गेमवाल्या मंडळींना नव्यानं सांगायला नको. 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा गेम १९८६ साली आला आणि त्याची नवनवी रूपं अजूनही सबमिशनच्या तोंडावर लोकांच्या रात्री खातात. पण हे नाव आलं कुठून? गेमचा जनक शिगेरु मियामोतो यानंच सांगितलंय, की एका अमेरिकन लेखकाच्या बायकोचं नाव कानाला गोड वाटलं म्हणून उचललं. ती बायको म्हणजे झेल्डा फिट्झजेरल्ड, आणि लेखक म्हणजे 'द ग्रेट गॅट्सबी'वाला एफ. स्कॉट फिट्झजेरल्ड. पुस्तक वाचलं नसेल, पण २०१३ चा दिकॅप्रिओचा सिनेमा निम्म्या हॉस्टेलनं तरी पाहिला असेल.

आता गंमत बघा. नवऱ्याच्या कादंबऱ्यांत ही बाई पात्र म्हणून आहे, गेममध्ये सोडवून आणायची राजकन्या म्हणून आहे. स्वतः लिहिणारी, चित्रं काढणारी, जीव तोडून नाचणारी झेल्डा मात्र कुणाला ठाऊक नाही. आणि माझं म्हणणं असं की हे आपोआप झालेलं नाही. यात पैशाचं गणित होतं, आणि 'मटेरियल माझं' असा एक दावा होता.

झेल्डा सेयर, जन्म २४ जुलै १९००, गाव मॉन्टगोमेरी, अलाबामा. वडील राज्याच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश. पोरगी गावभर गाजलेली, नाचण्यात पुढे, कुणाला न जुमानणारी. १९१८ मध्ये जवळच्या लष्करी छावणीत आलेल्या लेफ्टनंट स्कॉटशी गाठ पडली. त्याच्याकडे ना पैसा ना नाव, म्हणून ठरलेलं लग्न तिनं १९१९ मध्ये मोडलंसुद्धा! मार्च १९२० मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, धडाक्यात खपली, आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला लग्न. पुढच्या पार्ट्या, दारू, पॅरिसच्या वाऱ्या हे सगळं सिनेमावाल्यांनी चघळून झालंय, ते सोडून देऊ.

मुद्दा डायऱ्यांचा आहे. १९२० मध्येच जॉर्ज जीन नेथन या मासिकाच्या संपादकानं तिच्या डायऱ्या पाहिल्या आणि छापायची तयारी दाखवली. नकार कुणी दिला? स्कॉटनं. कारण त्या त्याला स्वतःच्या कादंबऱ्यांसाठी हव्या होत्या. १९२२ साली त्याची दुसरी कादंबरी आली तेव्हा 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'नं तिचं परीक्षण चक्क झेल्डाकडून लिहून घेतलं. त्यात तिनं हसत हसत सांगितलं की लग्नानंतर गायब झालेल्या माझ्या एका डायरीचा मजकूर या पुस्तकात दिसतोय, काही पत्रांचे तुकडेही ओळखीचे वाटतायत. वाङ्मयचौर्याची सुरुवात घरापासून करावी असं या गृहस्थांचं मत असावं. वाचक हसले आणि विसरले. मला ते परीक्षण विनोद म्हणून वाचताच येत नाही. बाईनं भर पेपरात तक्रार नोंदवली होती, फक्त अर्ज विनोदाच्या कागदावर लिहिला होता. १९२१ मध्ये मुलगी झाली तेव्हा गुंगीतून बाहेर येताना ती काय बोलली तेसुद्धा नवऱ्यानं टिपून ठेवलं, आणि १९२५ च्या 'गॅट्सबी'त ते डेझीच्या तोंडी आलं. डेझीचा तो संवाद आजही गाजतो.

मग तिनं स्वतः कथा लिहायला घेतल्या. 'कॉलेज ह्यूमर' नावाच्या मासिकात त्या यायच्या, पण दोघांच्या नावानं, आणि स्कॉटचं नाव आधी. लिहिणं मुख्यतः तिचंच. एक कथा, 'अ मिल्यनेअर्स गर्ल', १९३० मध्ये 'सॅटरडे इव्हनिंग पोस्ट'नं एकट्या स्कॉटच्या नावानं छापली आणि तिचे ४००० डॉलर मिळाले. तिच्या नावावर कुणी त्याच्या आसपासही देत नव्हतं. इथं नवरा व्हिलन आहे असं मी म्हणणार नाही, घर दोघांच्या खर्चानं बुडत होतं आणि पैसे दोघांनाच हवे होते. पण हा सौदा आपल्याला ओळखीचा नाही का? चौघांच्या ग्रुपमध्ये कोडिंग एकटा करतो आणि व्हायवाला बोलतो दुसराच, कारण 'त्याचं इंप्रेशन चांगलं आहे'. मार्क सगळ्यांना मिळतात हे खरं. पण प्लेसमेंटच्या वेळी लक्षात कोण राहतं?

लिहिण्यात नाव मिळेना तेव्हा तिनं असं काहीतरी धरलं जे नवऱ्याला करताच येणार नाही: बॅले. सत्ताविसाव्या वर्षी! ज्या वयात नर्तकी स्थिरावलेल्या असतात त्या वयात ही पॅरिसमध्ये ल्युबोव्ह एगोरोव्हा या रशियन बाईंकडे रोज तासन्‌तास घाम गाळत होती. हौस म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की १९२९ मध्ये नेपल्सच्या सान कार्लो ऑपेराच्या बॅलेकडून तिला बोलावणं आलं, 'आइदा'त एकटीचं नृत्य करायला. ती गेली नाही. एप्रिल १९३० मध्ये ती कोसळली, आणि मग स्वित्झर्लंडपासून अमेरिकेपर्यंत इस्पितळांची रांग लागली. निदान झालं स्किझोफ्रेनिया. नंतरच्या अनेक जाणकारांनी त्यावर शंका घेतली आहे.

आणि या अवस्थेत, १९३२ च्या सुरुवातीला, बाल्टिमोरच्या फिप्स क्लिनिकमध्ये बसून तिनं काही आठवड्यांत एक अख्खी कादंबरी लिहिली: 'सेव्ह मी द वॉल्ट्झ'. नवऱ्याला न दाखवता थेट त्याच्याच प्रकाशनसंस्थेतल्या संपादकाकडे, मॅक्सवेल पर्किन्सकडे पाठवून दिली. स्कॉट भडकला. त्याचं म्हणणं, हे आपलं आयुष्य मी माझ्या पुढच्या कादंबरीसाठी राखून ठेवलंय, तू ते वापरलंसच कसं! अखेर काटछाट झाली, पात्राचं नाव बदललं आणि पुस्तक निघालं. खपल्या १३९२ प्रती. तिच्या हातात पडले १२० डॉलर ७३ सेंट.

१९३३ च्या मे महिन्यात तर कहर झाला. डॉक्टरांना मध्ये बसवून नवरा-बायकोची चर्चा झाली, शेजारी स्टेनो. टाइप केलेली ११४ पानं भरली. लेखक म्हणून पैसे मी कमावतो, त्यामुळे आपण जगलो ते सगळं माझं साहित्य, त्यातलं काहीही तुझं नाही, हा स्कॉटचा दावा. त्यानं तिला तिसऱ्या दर्जाची लेखिका आणि तिसऱ्या दर्जाची नर्तकी ठरवलं. इस्पितळांची बिलं तोच भरत होता, आणि दारूनं त्याचीही वाट लागली होती, हेही लिहायला हवं. तरी प्रश्न उरतोच. वेड लागलं तिला, इस्पितळात राहिली ती, आणि त्यावर लिहायची बंदीही तिलाच? १९३४ मध्ये स्कॉटची 'टेंडर इज द नाइट' आली, त्यात तिचा आजार आहे, तिच्या पत्रांतला मजकूरही आहे. समीक्षक त्या कादंबरीला थोर म्हणतात. आहेही.

मग झेल्डा थोर लेखिका होती का? प्रामाणिकपणे, 'वॉल्ट्झ' वाचताना दमछाक होते. उपमांवर उपमा, मध्येच वाक्य हातातून सुटतं. पण नृत्याच्या सरावाचा भाग वाचा. दुखणारे पाय, घामाचा वास, शरीराशी रोजचं भांडण, हे स्कॉटला सात जन्मात लिहिता आलं नसतं. कादंबरीची नायिका नेपल्सला जाते आणि नाचते! चित्रांचंही तसंच. तिच्या नर्तकींचे हातपाय सुजल्यासारखे, अवाढव्य. नाचल्यावर नर्तकीला आपलं शरीर तसंच वाटतं, असं तिचं स्पष्टीकरण होतं. १९३४ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन भरलं, विक्री जेमतेम. आज यातली बरीच चित्रं मॉन्टगोमेरीच्या कलासंग्रहालयात आहेत.

स्कॉट १९४० मध्ये गेला. झेल्डा दुसरी कादंबरी लिहीत राहिली, ती अपुरीच राहिली. १० मार्च १९४८ च्या रात्री ॲशव्हिलच्या हायलंड हॉस्पिटलला आग लागली, नऊ बायका गेल्या, त्यात ती. हेमिंग्वेनं मात्र १९६४ मध्ये निघालेल्या आपल्या आठवणींत स्कॉटच्या वाताहतीचं खापर तिच्यावरच फोडलं. बाईला उत्तर द्यायला जागाच नव्हती. १९७० मध्ये नॅन्सी मिलफर्डनं तिचं चरित्र लिहिलं, तेव्हा कुठे लोकांनी दुसरी बाजू वाचली.

ग्रंथालयात 'गॅट्सबी' आहे, दोन प्रती, त्यातली एक कायम इश्यू झालेली. ग्रंथपाल सरांना विनंती, की यंदाच्या यादीत 'सेव्ह मी द वॉल्ट्झ' घालावं, आणि दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर ठेवावीत. आडनावानुसार लावली तर तशीही शेजारीच येतील.