माल चांगला, किंमत चांगली, तरी डील फिसकटलं

सेल्स शिकायला कोणतं पुस्तक वाचू, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर जरा वेगळं आहे. उर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही १९६९ सालची कल्पित कादंबरी वाचा.

गेन्ली आय नावाचा दूत गेथेन या बर्फाळ ग्रहावर एकटाच येतो. ऑफर सरळ आहे: आमच्या ऐंशीहून जास्त जगांच्या संघात या, व्यापार करू, ज्ञानाची देवाणघेवाण करू. जबरदस्ती नाही, फसवणूक नाही. तरी कारहाइडचा राजा नकार देतो.

आता गंमत बघा. आदल्या रात्री पंतप्रधान एस्ट्राव्हेन, म्हणजे दूताचा सगळ्यात मोठा पाठीराखा, त्याला जेवायला बोलावतो आणि आडून आडून सुचवतो, की माझ्या भरवशावर राहू नको. गेन्लीला वाटतं, यानं दगा दिला. खरं तर त्या माणसाची खुर्चीच चालली होती. दुसऱ्या दिवशी तो हद्दपार होतो! पण त्या देशात कुणाला थेट सल्ला देणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून तो स्पष्ट बोलला नाही, आणि यानं विचारलं नाही.

आपल्याकडे काय वेगळं आहे? पर्चेसवाला म्हणतो, "हल्ली सगळं हेड ऑफिसच ठरवतं." आपण बाहेर येऊन म्हणतो, माणूस बदलला. अहो, तो सांगतोय की सहीचा अधिकार गेलाय, वरच्याला भेटा!

मग गेन्ली शेजारच्या ऑरगोरेनमध्ये जातो. तिथे उबदार खोली, मेजवान्या, गोड बोलणारे पुढारी. याला वाटतं, काम झालं. एका रात्री त्याला उचलून थेट तुरुंगात टाकतात. चहा-बिस्किटावर खूश होऊन माल भरून ठेवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आमच्या धंद्यातले बरेच ट्रेनर शिकवतात, "नकार ऐकूच नका, फॉलोअप करत राहा." मला हे अजिबात पटत नाही. गेन्ली दोन वर्षं फॉलोअपच तर करत होता.

त्याला सोडवतो कोण? तोच एस्ट्राव्हेन. पुढे दोघं बर्फावरून स्लेज ओढत जातात, एका तंबूत झोपतात, तेव्हा कुठे एकमेकांना सरळ प्रश्न विचारतात.

सुरुवातीला नावं डोक्यात बसत नाहीत, पुस्तक संथ वाटतं. चालेल. जेवणाचा प्रसंग पहिल्याच प्रकरणात आहे, तेवढा दोनदा वाचा.