मागे म्हणजे नक्की कुठे?

मराठीत 'मागे' हा शब्द दोन कामं करतो. 'मागे एकदा आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो' यातलं मागे काळातलं आणि 'घराच्या मागे विहीर आहे' यातलं मागे जागेतलं. बोलताना आपलं काही अडत नाही, समोरच्याला संदर्भ माहीत असतो. मोबाईल ॲप लिहिणाऱ्याकडे मात्र फक्त अंगठ्याने दाबलेला एक बाण येतो आणि त्याला ठरवावं लागतं, या माणसाला 'आधीच्या' ठिकाणी जायचंय की 'मागच्या'. गेली काही वर्षं माझ्या पगारातला बऱ्यापैकी हिस्सा मला हे ठरवण्यासाठी मिळतो. (पीएचडी भलत्याच विषयात केली, पण ते असो.) त्यामुळे या बाबतीत माझी मतं जरा ठाम झाली आहेत.

आधी थोडं तांत्रिक. घाबरू नका, थोडंच आहे. ॲपमधल्या स्क्रीन्सचा इतिहास म्हणजे एक उतरंड असते. नवी स्क्रीन उघडली की एक मडकं वर चढतं, मागे गेलं की सगळ्यात वरचं मडकं उतरतं. खालचं मडकं हवं असेल तर वरची सगळी उतरवायलाच हवीत. (ज्यांनी उतरंड पाहिली नाही त्यांनी भाकऱ्यांची चळत आठवावी.) इंग्रजीत याला स्टॅक म्हणतात हे बहुतेकांना माहीत असेल, पण इथे म्युनिकमध्ये जुने प्राध्यापक 'केलर' म्हणतात, म्हणजे तळघर. फ्रीडरिश बावर आणि क्लाउस सामेलझोन यांनी १९५७ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि बावर पुढे इथेच म्युनिकला प्राध्यापक होते. त्याच्याही आधी ट्युरिंगने आपल्या यंत्राच्या आराखड्यात याच कामासाठी 'पुरणे' आणि 'उकरणे' अशा अर्थाचे शब्द वापरले होते. मला तेच सगळ्यात आवडतात. आपण जिथून आलो ती जागा पुरून ठेवायची आणि परतताना उकरायची!

हे सगळं यंत्राच्या आतल्या हिशेबासाठी होतं. माणसाच्या हातात ते आलं ब्राउझरमुळे, आणि माणसांनी ते फारच वापरलं. १९९५ मध्ये कॅटलेज आणि पिटको यांनी जॉर्जिया टेकमध्ये मोजलं, तेव्हा दर शंभर हालचालींपैकी सुमारे ४१ वेळा लोक 'बॅक' दाबत होते. १९९७ मध्ये टॉशर आणि ग्रीनबर्ग यांच्या मोजणीत हा आकडा सुमारे ३० होता, आणि उघडलेल्या पानांपैकी ५८ टक्के पानं आधी पाहिलेलीच होती. म्हणजे आपण नेटवर फिरायला जातो असं म्हणतो, पण अर्ध्याहून जास्त वेळा घरातल्या घरातच येरझाऱ्या घालत असतो. नंतर टॅब आले आणि बॅकचा वापर बराच कमी झाला, पण मोबाईलवर तो पुन्हा राजा झाला, कारण एवढ्याशा पडद्यावर दुसरं काही मावतच नाही.

२००७ मध्ये आयफोन आला तो एकाच बटणाचा. मागे जायची सोय प्रत्येक ॲपने वर डाव्या कोपऱ्यात करायची. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, त्याला मात्र मागे जायचं खरंखुरं बटण होतं आणि ते साऱ्या फोनसाठी एकच. मला अँड्रॉइडचा विचार मनापासून पटला होता. मागे जायचं बटण ॲपवाल्याचं नाही, फोन ज्याच्या हातात आहे त्याचं आहे. दुकानदाराने दुकान हवं तसं सजवावं, पण बाहेर जायचं दार त्याने हलवता कामा नये.

मग २०११ मध्ये अँड्रॉइडच्या तिसऱ्या आवृत्तीत वर डावीकडे दुसरा एक बाण आला. त्याचं नाव 'अप', म्हणजे वर. खालचा बाण काळात मागे नेणार आणि वरचा बाण रचनेत वर, म्हणजे मजकुरावरून यादीवर, यादीवरून मुख्य पानावर. मराठीतल्या 'मागे'ची जी दोन कामं मी वर सांगितली, ती इथे दोन बटणांना वाटून दिली. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात दोन्ही बाण डावीकडेच तोंड करून उभे, आणि नव्वद टक्के वेळा दोघेही एकाच ठिकाणी नेतात (हा आकडा माझ्या मनाचा, मोजलेला नाही). त्यामुळे उरलेल्या वेळी ते वेगळं वागले की वापरणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं.

आता खरा तंटा. आम्ही लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी एक ॲप बनवतो. (कंपनीचं नाव सांगत नाही, नोकरी आवडते मला.) तंत्रज्ञ एका इमारतीत तपासणी करतोय, अर्धा अहवाल भरून झालाय. दोरांची स्थिती, ब्रेकचं अंतर, दाराचा सेन्सर. तेवढ्यात फोनवर सूचना येते की शेजारच्या इमारतीत लिफ्ट अडकली. तो सूचनेवर बोट ठेवतो, बिघाडाची स्क्रीन उघडते, तो वाचतो, आणि मागे जातो. कुठे जायला हवा?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला, अहवालावर! पण अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे सूचनेतून ॲप उघडलं तर आधीची उतरंड मोडायची आणि तिच्या जागी नवी, बनावट उतरंड रचायची: मुख्य पान, त्यावर इमारतींची यादी, त्यावर बिघाड. म्हणजे जणू काही हा माणूस मुख्य पानावरून पायरी पायरीने चालत इथे आलाय. त्यांच्या बाजूनेही कारण आहे, ते सांगायला हवं. सूचनेतून आलेला माणूस एका मागे-बाणात ॲपच्या बाहेर फेकला जाऊ नये आणि प्रत्येक वेळी सगळं सारखंच वागावं, असा तो हेतू. आमच्या गटातले दोघे याच मताचे होते आणि त्यांनी नियमावलीचं पान उघडूनच दाखवलं. (जर्मनीत नियमावलीचं पान उघडलं की बैठक अर्धी संपलेली असते.)

मी त्यांना आमच्या आजोळच्या वाड्याचं उदाहरण दिलं. वाड्याला पुढे ओसरी आणि मागे परसदार. समजा मी परसदाराने आत आलो, चपला तिथेच काढल्या, स्वयंपाकघरात चहा घेतला आणि 'येतो' म्हणून उठलो. कुणीतरी माझा हात धरून मला माजघरातून, ओसरीवरून, पुढच्या दाराने बाहेर काढलं. रस्ता अगदी रीतीचा, पण माझ्या चपला परसदारी! अर्धा भरलेला अहवाल म्हणजे त्या चपला. बनावट उतरंड रचताना खरी उतरंड मोडली, आणि तंत्रज्ञाने वीस मिनिटं अंगाला ग्रीस लावून मिळवलेली मोजमापं गेली. तो ती पुन्हा घेणार नाही हो. तो अंदाजाने आकडे टाकेल. लिफ्टच्या ब्रेकचे आकडे.

शेवटी आमचं असं ठरलं की बिघाडाची स्क्रीन असलेल्या उतरंडीच्या वर चढेल, मागे गेलं की माणूस अहवालावरच परतेल, आणि कुणाला इमारतींची यादी हवी असेल तर वरचा बाण आहे. शिवाय अहवालातली प्रत्येक नोंद भरताक्षणी फोनमध्ये साठवायची, म्हणजे उतरंड कोसळली तरी डाळ-तांदूळ शाबूत.

हे शेवटचं का, तर उतरंड कोसळतेच. अँड्रॉइडला मेमरी कमी पडली की मागे पडलेली ॲप्स तो बंद करतो. उतरंडीत कुठली स्क्रीन कुठे होती याची नोंद तो ठेवतो, पण स्क्रीनमधला ऐवज थोडासाच, आणि तोही ॲपने आपणहून गाठोडं बांधून दिला तरच. ही गाठोडी एक मेगाबाइटच्या आतली लागतात. ॲप लिहिणाऱ्यांच्या हातात भारी फोन असतात, त्यामुळे त्यांना हे कधी दिसतच नाही. मिरजेला माझी आत्या राहते, तिच्या स्वस्त फोनवर ते रोज दिसतं. वीजबिलाचं पान अर्धं भरलं, मधेच कुणाचा तरी फोन आला, बोलून परत आली की पान कोरं. तिची समजूत अशी की फोनवर बोललं की लिहिलेलं पुसतं. तिच्या अनुभवाला धरून बघितलं तर अगदी शास्त्रशुद्ध निष्कर्ष आहे. 'अगं आत्या, तसं नसतं' असं तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

आत्या मागे जात नाही. सरळ होमचं बटण दाबते आणि पहिल्यापासून सुरू करते. कारण पैसे भरायच्या पानांवर तिने वर्षानुवर्षं वाचलंय की कृपया बॅक दाबू नका, पान रिफ्रेश करू नका. पैसे पाठवले की ती फोन टेबलावर ठेवून हात मागे घेते, जणू काही हिरवी खूण येईपर्यंत तो तापलेला तवा आहे.

ही सूचना वाचली की माझं डोकं फिरतं. भारतातल्या इतक्या पानांवर ती दिसते की आपल्याला तो निसर्गनियम वाटायला लागलाय. खरं तर मागणी एकदा सर्व्हरकडे पोचली की मागे गेल्याने ती रद्द होत नाही. भीती असते ती माणूस आधीच्या पानावर जाऊन पुन्हा 'पैसे भरा' दाबेल आणि दोनदा कापले जातील याची. यावरचा उपाय जुना आहे: प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने पहिलंच उत्तर परत द्यायचं. आणि पैसे भरून झाले की फॉर्मची पानं उतरंडीतून काढून टाकायची, म्हणजे मागे गेलं तरी माणूस तिथे पोचणारच नाही. एवढं काम आपण करायचं की सत्तरीच्या बाईला धाकात ठेवायचं? बहुतेकांनी दुसरं निवडलं, कारण ते एका ओळीत होतं.

इथे कुणी म्हणेल, आत्ता तर तुम्ही इतिहास मोडू नका म्हणत होतात. बरोबर. मला काढण्याबद्दल तक्रार नाही. लॉगिन झाल्यावर लॉगिनचं पान मागे कशाला हवं? संपलेल्या कामाची पानं काढावीत. तक्रार आहे ती दोन गोष्टींबद्दल: चालू काम मोडणं आणि माणसाने न पाहिलेली पानं इतिहासात घुसडणं. घुसडण्याचा धंदा वेबवर जोरात चालला. काही साइट्स तुम्ही आत शिरताच इतिहासात आपलीच चार पानं कोंबत, की बॅक कितीही दाबा, तुम्ही तिथेच. शेवटी क्रोमने २०१९ च्या सुमारास, वापरणाऱ्याने हातही न लावलेली अशी पानं बॅक दाबल्यावर वगळायला सुरुवात केली. ॲपवाले मात्र हेच काम सभ्य शब्दांत करतात आणि त्याला 'ग्राहक टिकवणं' म्हणतात. मागे गेलो की 'जाण्यापूर्वी ही ऑफर बघा'. एका विमान कंपनीच्या ॲपमध्ये मी आसन निवडण्यावरून मागे गेलो, तर मला थेट मुख्य पानावर नेऊन सोडलं आणि तिघांची पासपोर्टची माहिती गायब. तिकीट वाढलेल्या भावात पुन्हा शोधा!

अवांतर: उतरंडीत घुसडणं किती महागात पडू शकतं ते डिसेंबर २०१९ मध्ये दिसलं. प्रोमोन नावाच्या नॉर्वेजियन कंपनीने 'स्ट्रँडहॉग' नावाची पळवाट जाहीर केली. अँड्रॉइडमध्ये एक ॲप दुसऱ्याच्या उतरंडीत स्वतःची स्क्रीन ठेवू शकत होतं. तुम्ही बँकेच्या चिन्हावर बोट ठेवणार, उघडणार चोराचं लॉगिन पान, हुबेहूब तसंच. हे कुठलं कुलूप फोडून केलेलं नव्हतं. 'ही स्क्रीन कुणाच्या उतरंडीतली' हे ॲपने स्वतः सांगायची जी सोय होती, तिचाच गैरवापर होता.

सगळंच वाईट चाललंय असं नाही. आयफोनवर २०२० पासून मागच्या बाणावर बोट दाबून धरलं की खालची सगळी उतरंड यादीसारखी दिसते. फार कमी लोकांना माहीत आहे, करून बघा. अँड्रॉइडवर २०२२ पासून हळूहळू एक नवी पद्धत आली, तीत कडेवरून बोट अर्धवट ओढलं की मागे काय आहे त्याची झलक दिसते. नको असेल तर बोट परत न्या. दिसायला ही नुसती शोभा आहे, पण तिच्यामुळे ॲपला 'मागे जाण्यात मी मधे पडणार आहे' हे आधीच सांगून ठेवावं लागतं, ऐन वेळी आडवं येता येत नाही. २०२५ च्या अँड्रॉइड १६ साठी लिहिलेल्या ॲप्सना ही पद्धत आपोआप लागू होते. त्याच वर्षी गूगलने ॲप लिहिणाऱ्यांसाठी जी नवी लायब्ररी आणली, तीत उतरंड म्हणजे एक साधी यादी, पूर्णपणे आपल्या हातात. हवं ते काढा, हवं ते घाला. इंजिनियर म्हणून मी खूश आहे, इतकी वर्षं त्या यंत्रणेशी झोंबाझोंबी केली त्याचं चीज झालं. आत्याचा भाचा म्हणून मात्र मला धास्ती वाटते, कारण घुसडणंही तितकंच सोपं झालंय.

तुमच्यापैकी कुणी ॲप लिहीत असाल तर अँड्रॉइडच्या डेव्हलपर सेटिंग्जमध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' नावाचा एक खटका आहे, तो चालू करा. मग आपलंच ॲप उघडा, एखादा लांबलचक फॉर्म अर्धा भरा, घरी फोन लावून दोन मिनिटं बोला, आणि परत या.