मुळेचे पाणी आणि घरातील माठ

नगरच्या नळांना येणारे पाणी राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचे, 26 टीएमसी क्षमतेच्या ज्ञानेश्वरसागराचे. नातवंडांसह तेथे जाण्याने मनाला उभारी येते. मात्र शेवाळलेल्या उतारावर आजोबांना उतरवू नये. खुब्याचे हाड मोडले की महिने जातात.

माझी खरी चिंता निराळी आहे. शुद्ध होऊन आलेले पाणी पुष्कळदा घरातच बिघडते. ते साठवले जाते आणि त्याच माठात हात बुडवून पेला भरला जातो. माठावर ओगराळे ठेवावे. पाणी गढूळ असल्यास निवळू द्यावे, गाळावे आणि खळखळ उकळी मिनिटभर राहू द्यावी. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून जुलाबांत त्यांच्या शरीरातील पाणी लवकर आटते. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. तोवर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. लघवी थांबली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.