पर्समध्ये लपवलेली गोळी

सिस्टर मधुमेहाची गोळी ड्युटीवर सर्वांसमोर घेते. बायपोलरसाठीची लिथियमची गोळी मात्र पर्समध्ये लपवते. मेट्रनला कळले तर ‘हिच्या हाती पेशंट कसे सोपवायचे?’ असे विचारले जाईल, ही भीती. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आजाराच्या नावावरून देता येत नाही. आजार किती आटोक्यात आहे, हे पाहावे लागते. नियमित उपचारांनी स्थिर झालेल्या अनेक व्यक्ती जबाबदारीची कामे चोख करतात.

बायपोलरमध्ये झोप मोडली की आजार उसळू शकतो. त्यामुळे सतत बदलणाऱ्या पाळ्या तिला सोसत नाहीत. नाईट टाळायची तर आजार सांगावा लागतो. सांगितला तर नोकरीची धास्ती. मग ती गप्प राहते, जागरणे करते, एखाद्या दिवशी गोळीही चुकते. पेशंटला खरा धोका इथे असतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी देणे सरकारी आस्थापनांना बंधनकारक आहे. ठरावीक दिवसपाळी ही अशीच एक सोय. ती मागताना सिस्टरला मान खाली घालावी लागू नये, एवढे तरी रुग्णालयांनी करावे.