बघ्यांचा न्याय

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमचे नाव आता विजयदुर्ग असे आहे. भारतीय सेनेच्या पूर्व कमांडचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याचे नामांतर २०२५ च्या आरंभी सर्वांना कळले. त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी महाराजांचे नाव दिल्याचेही त्याच वेळी प्रसिद्ध झाले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील मराठी आरमाराच्या किल्ल्याचे नाव हुगळीकाठी पोहोचले, याचा मराठी मनाला आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. तथापि दरवाजावरची पाटी बदलली म्हणजे त्या दरवाजाआड घडलेली दृष्टीही बदलली, असे समजण्याचे कारण नाही. ती दृष्टी आज किल्ल्यात राहिलेली नाही. ती घरोघर पोहोचली आहे.

ही दृष्टी कोणती, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. तेथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी गद्याच्या इतिहासात या घटनेचे स्थान सर्वज्ञात आहे. त्यामानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, याच वेलस्लीने १८०४ मध्ये कलकत्त्याजवळ बराकपूर येथे हिंदुस्थानातील प्राणिसृष्टीच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली आणि तिची जबाबदारी फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरकडे सोपवली. मुलुखोमुलखीचे पशुपक्षी तेथे आणले जात, देशी चित्रकार त्यांची चित्रे काढीत, त्यांची वर्णने लिहिली जात. पुढच्याच वर्षी वेलस्ली स्वदेशी परतला आणि संस्थेचा अभ्यास मंदावला. प्राणी मात्र तेथेच राहिले, आणि त्यांना बघणारेही राहिले. अभ्यास संपला, करमणूक उरली.

भाषा असो, जमात असो वा जनावर असो, त्याला दुरून न्याहाळावे, नाव द्यावे, यादीत बसवावे आणि मग त्याच्याविषयी निवाडा द्यावा, ही ती दृष्टी होय. तिने ज्ञानात भर घातली हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याला न्याहाळायचे त्याचे काही देणे लागते, ही जाणीव तिला नव्हती. बराकपूरच्या पिंजऱ्यापुढे उभे राहणाऱ्यास कोणी विचारले नाही की, बाबा रे, या अस्वलाला उद्या खायला कोण घालणार?

आज बराकपूरची ती सज्जा प्रत्येकाच्या तळहातावर आली आहे. पिंजऱ्यापर्यंत चालत जाण्याचे कष्टही उरलेले नाहीत. या नव्या बघ्यांच्या दृष्टीस महाराष्ट्रातील एक वसाहत पडली, आणि तिच्या निमित्ताने या दृष्टीचे गुणदोष लख्ख दिसून आले. ती वसाहत म्हणजे हेमलकसा.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. त्या वेळी हा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा हा मुलूख पावसाळ्यात जगापासून तुटत असे. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हे डॉक्टर दांपत्य आणि त्यांचे सहकारी तेथे माडिया गोंडांमध्ये राहू लागले. दवाखाना झाला, शाळा झाली, आणि कोणी न योजलेले प्राण्यांचे अनाथालयही झाले. शिकारी माकडीण मारून नेत होते आणि तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगून होते. धान्य देऊन ते पिल्लू मागून घेण्यात आले. ही बबली या अनाथालयाची पहिली रहिवासी. पुढे माडियांशी एक अलिखित करार झाला: शिकारीत पिल्लू हाती लागले तर ते खाऊ नये, प्रकल्पावर आणून द्यावे. अशा रीतीने बिबटे, अस्वले, हरणे, तरस, मगरी, साप असे नाना जीव माणसांच्या त्या वस्तीत वाढले. विलास मनोहर यांच्या ‘नेगल’मधून आणि प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’तून मराठी वाचकाने हे सहजीवन जाणले. २००८ मध्ये आमटे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये चित्रपट आला.

पुस्तक वाचणाऱ्याला निदान दोनशे पाने लेखकाबरोबर चालावे लागते. चित्राचे तसे नसते. बिबट्याच्या गळ्यात हात टाकलेला डॉक्टर, अस्वलाबरोबर फिरायला निघालेला डॉक्टर, अशी छायाचित्रे आणि चित्रफिती हातोहात फिरू लागल्या, आणि बघ्यांचे दोन पक्ष पडले. एक पक्ष भक्तांचा. त्याला तेथे ऋषींचा आश्रम दिसला. हिंस्र पशू प्रेमाने निवळतो, असा सिद्धांत त्याने काढला. दुसरा पक्ष फिर्यादींचा. त्याला तेथे तुरुंग दिसला, पिंजऱ्याच्या जाळ्या दिसल्या, वन्य प्राण्याचा खेळ मांडलेला दिसला. हे सारे बंद करा, प्राणी जंगलात सोडा, अशी आज्ञा त्याने दिली. दोन्ही पक्ष परस्परांचे कट्टर विरोधक खरे. वस्तुतः दोघांचे बसण्याचे स्थान एकच आहे. दोघांनीही एका क्षणाच्या चित्रावरून पन्नास वर्षांचा निवाडा केला, आणि आपण चुकलो तर त्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

भक्तांचा भ्रम अधिक गोड, म्हणून अधिक घातक. बघ्याला जे दिसते त्याचा अर्थ कळतोच असे नाही, याचे एक जगजाहीर उदाहरण आहे. २००९ च्या सुमारास आग्नेय आशियातील लाजवंती या निशाचर वानरवर्गीय प्राण्याची एक चित्रफीत जगभर फिरली. गुदगुल्या केल्यावर तो दोन्ही हात वर करतो आणि जणू आनंदाने स्तब्ध होतो, असे ते दृश्य होते. लक्षावधी लोकांचे मन त्याने जिंकले. प्रत्यक्षात हात वर करणे ही त्या प्राण्याची बचावाची मुद्रा आहे. त्याच्या दंडाजवळ ग्रंथी असते, तिचा स्राव लाळेत मिसळून त्याचा दंश विषारी होतो. लोक ज्याला सुख समजले ते भय होते. असा प्राणी आपल्याही घरी असावा, ही इच्छा मात्र त्या कौतुकातून अनेकांच्या मनात उत्पन्न झाली. कौतुकानेही पशू मरतात, ते असे.

म्हणूनच २०१७-१८ च्या सुमारास केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने हेमलकशाच्या अनाथालयात प्राण्यांशी होणाऱ्या थेट संपर्कास हरकत घेतली, तेव्हा ती हरकत निराधार होती असे म्हणता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन १९९२ मध्ये हे प्राधिकरण अस्तित्वात आले. मान्यताप्राप्त संग्रहालयातील प्राण्याला कोणी डिवचू नये, इजा करू नये, खाऊ घालू नये, असे कायदा सांगतो. माणसाचा आजार प्राण्याला आणि प्राण्याचा माणसाला जडू शकतो. शिवाय सारे आयुष्य प्राण्यांत घालवलेल्या माणसाची सवय पाहून उद्या एखादा तरुण बिबट्याच्या पिंजऱ्यात उतरला, तर त्याला वाचवणारी ती पन्नास वर्षे त्याच्याजवळ नसतात. कलकत्त्यातच १ जानेवारी १९९६ रोजी अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात दोघे जण वाघाला हार घालण्यास खंदक ओलांडून गेले आणि त्यांतील एक जिवास मुकला. नियम हा अशा अनुकरणासाठी असतो. हेमलकशाने ती चित्रे स्वतःच आवरली असती, तर त्यात कमीपणा नव्हता. किंबहुना ज्यांच्यासाठी ते अनाथालय उघडले गेले, त्या प्राण्यांचा त्यात लाभच होता.

परंतु येथेच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण फिर्यादी पक्ष तो मुद्दाम पुसतो. तपासणारा आणि बघणारा हे एक नव्हेत. प्राधिकरणाला कायद्याने दिलेले नाव आहे, पत्ता आहे. त्याचा आक्षेप लेखी असतो, त्याला लेखी उत्तर देता येते, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. मान्यता काढून घेतली तर प्राण्यांची व्यवस्था काय, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. म्हणजे तोही एका अर्थी पाळणाऱ्यांतलाच आहे. बघ्याला यांतील काहीच लागू नाही. तो आज निवाडा देतो, उद्या विसरतो.

‘जंगलात सोडा’ ही त्याची आज्ञा पाहा. आईविना, माणसाच्या हातून दूध पिऊन वाढलेल्या बिबट्याला शिकार शिकवणारे कोणी भेटलेले नसते. माणसाचे भयही त्याला उरलेले नसते. तो सोडला तर जंगलात जाण्याऐवजी अन्नासाठी वस्तीकडे येईल, आणि मग एखाद्या पाड्यावरचे मूल मरेल किंवा तो स्वतः काठ्यांनी मारला जाईल. दुरून आज्ञा देणाऱ्याच्या अंगणात यांतले काहीही घडणार नाही. ते माडियाच्या अंगणात घडेल.

आणि माडियाचे तरी या बघ्यांनी काय केले? प्राण्यांबरोबर माणसेही न्याहाळली गेली. माकड मारून खाणारे ते क्रूर, असा शेरा मारण्यास वेळ लागला नाही. ज्याच्या घरी वर्षभराचे धान्य नाही त्याची शिकार आणि ज्याच्या घरी सारे आहे त्याची दया, यांची तुलना करताना कोणाचीही जीभ अडखळली नाही. हा तोच न्याय, ज्याने कंपनीच्या काळी एकाच अल्बमात पक्ष्यांची आणि जातीजमातींची चित्रे शेजारी शेजारी चिकटवली. वास्तविक या साऱ्या कथेतील सर्वांत मोठा त्याग त्या शिकाऱ्यांचा आहे. हातात आलेले अन्न त्यांनी परत दिले. भुकेल्या माणसाने पिल्लू जिवंत आणून देणे ही दया कोणत्या तराजूत तोलावी, हे बघ्यांनी एकदा सांगावे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. लोकांची नजर नसेल तर बंद भिंतींआड काय चालते ते कळणार कसे? सेवेच्या नावाखाली चालणाऱ्या संस्था काय तपासाच्या पलीकडे असतात? नाहीत, मुळीच नाहीत. सेवाव्रती माणसालाही प्रश्न विचारले पाहिजेत, आणि त्याने ते ऐकले पाहिजेत. परंतु नजरेने प्राणी वाचल्याचे जे उदाहरण आपल्या देशात आहे ते पाहावे. अस्वल, माकड, वाघ, सिंह आणि बिबट्या यांना खेळात वापरण्यास केंद्र सरकारने १९९८ मध्ये मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती उचलून धरली. सर्कशीच्या तंबूत तोवर लाखोंनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या नजरांनी एकही सिंह सुटला नव्हता. तो सुटला तो वादात पुराव्यानिशी उभे राहणाऱ्यांमुळे. त्यानंतरही त्या सिंहांना रोज मांस घालणारी, त्यांच्या म्हातारपणाची काळजी वाहणारी बचाव केंद्रे लागलीच. नजरेचे मोल तिच्यापुढच्या कामात आहे. ज्या नजरेपुढे काहीच काम नाही, ती नजर टाळी वाजवो वा शिवी देवो, प्राण्याच्या दृष्टीने सारखीच.

तेव्हा हेमलकशाविषयी, किंवा तशा कोणत्याही वसाहतीविषयी, ज्याला बोलायचे आहे त्याने आधी काही साध्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. त्या प्राण्याचे वय काय, तो कोठून आला, त्याला परत जाण्याजोगे रान उरले आहे काय? तो येथून हलवला तर कोठे जाईल आणि त्याचा खर्च कोण उचलेल? ही उत्तरे ज्याच्याजवळ आहेत त्याची टीका कितीही कठोर असो, ती ऐकणे संस्थेचे कर्तव्य आहे. ज्याच्याजवळ नाहीत त्याने प्रश्न जरूर विचारावा, निवाडा देऊ नये.

अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचे एक महाकाय कासव होते. ते क्लाइव्हच्या काळातले, बराकपूरहून तेथे आलेले, असे सांगितले जाई. २००६ मध्ये ते मेले. त्याचे वय अडीचशे वर्षे होते की कमी, यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिले. इंग्रज अधिकारी, त्यांच्या बायका, बंगाली बाबू, शाळेतील मुले, साऱ्यांनी त्याला पिढ्यान् पिढ्या पाहिले होते. त्याचे कवच तडकले आहे आणि आतील मांसाला जखम झाली आहे, हे मात्र ज्यांच्याकडे त्याच्या देखभालीचे काम होते त्यांना कळले.